म्हाताऱ्यांचा बुधवार

"ही पिशवी कशापायी?" स्कूटरवरून उतरताना तात्याबांनी विचारलं.

"गोळ्या आहेत, शाल आहे. आत एसी असतो," सून वर्षाराणी म्हणाली. "चारला न्यायला येते, तात्या."

निगडीच्या या संग्रहालयाने दर बुधवारी म्हाताऱ्या पुरुषांसाठी चहा, गप्पा आणि जुन्या वस्तू हाताळणं असं काहीतरी काढलं होतं. तेही फुकट. दलालांनी चहा पाजून चाकणकडच्या जमिनी घेतल्यापासून फुकट चहा पाजणाऱ्याला तात्याबा आधी नखशिखांत न्याहाळत. शिवाय हातात पिशवी देऊन म्हाताऱ्याला कुठे सोडतात, हे न कळायला ते काही कुकुलं बाळ नव्हते.

आत स्वप्नाली नावाची मुलगी गोड हसून सामोरी आली. तिथेच त्यांचा संशय पक्का झाला. चहाला ते शिवलेसुद्धा नाहीत.

शेजारी लातूरकडचे ज्योतीराम मजेत बिस्किट बुडवत होते.

"तुमाला कवा आणून सोडलं?" तात्याबांनी हळूच विचारलं.

"सकाळी. पोरगा साडेतीनला येतो म्हनलाय."

"आसंच सांगत्यात. वृद्धाश्रम हाय ह्यो. समदी आपल्याच वयाची, बघा की."

ज्योतीरामांचं बिस्किट चहात पडलं.

तेवढ्यात स्वप्नालीने पेरणीची पाभर मधोमध आणवली. "हात लावा, आजोबा. मागून बी कोण सोडायचं?"

"आमची मंडळी."

"नाव काय त्यांचं?"

"गवराबाई." ती गेल्यापासून तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. तात्याबांना एकदम रडू आलं.

"आमच्याकडं हिला तिफण म्हंतेत," ज्योतीराम उगाच मोठ्याने म्हणाले. मग पाभर आणि तिफण यांवरून दोघांची अशी जुंपली, की तात्याबा दोन कप चहा पिऊन गेले.

चारला वर्षाराणी खरंच आली. तात्याबांना सुनेकडे बघायची लाज वाटली.

ज्योतीराम मात्र अजून बसूनच होते. मुलगा नवनाथ फोन उचलत नव्हता.

"शिफ्ट लांबली आसंल," तात्याबा म्हणाले.

ज्योतीरामांची नजर फाटकावरून हलत नव्हती. ही शंका आपणच त्यांच्या डोक्यात घातली, हे तात्याबांना आतून टोचलं.

"तात्या, निघायचं ना?"

"ह्यांचं पोरगं येऊ दे," म्हणत तात्याबा पुन्हा शेजारी बसले.

शिपाई खुर्च्या उचलत त्यांच्यापर्यंत आला. दोघांकडे पाहून त्याने त्यांच्या खुर्च्या राहू दिल्या आणि पलीकडचा दिवा तेवढा बंद केला.