परस्पर दिलेली क्षमा

रविवारची उपासना आटोपली होती. मेहरूणमधल्या छोट्या प्रार्थनागृहात पाळक ईश्वर थांबले होते. तेवढ्यात धुळ्याहून त्यांचे व्याही पितांबर आले. मंडळीतली वडीलधारी माणसंही त्यांच्यासोबत होती.

"भाऊ, पोरगा चुकना," पितांबर हात जोडून म्हणाले. "आपन ख्रिस्ती लोके शेतस. माफ करी टाका. केस मागे ली ल्या."

त्यांच्या हितेंद्रने बायकोवर, म्हणजे ईश्वरांच्या मोनालीवर, उकळतं तेल ओतलं होतं. डावा कान गेला, मान आखडली. हितेंद्र तुरुंगात होता.

"पाळकसाहेब, क्षमा करायला तुम्हीच शिकवता ना आम्हाला?" एक जण म्हणाला.

ईश्वरांची मान खाली गेली. तेलाच्या आधीही मोनाली एकदा माहेरी आली होती, सुजलेल्या ओठांनी. मागोमाग आलेला हितेंद्र गुडघे टेकून रडला होता. ईश्वरांनी दोघांचे हात जुळवले, प्रार्थना केली आणि लेकीला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढच्या रविवारी त्या समेटाचा दाखला त्यांनी उपदेशातही दिला. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले होते.

"पोरले मांगे कोनी धाडं?" दारातून ईश्वरांच्या पत्नी रुख्माबाईंनी त्यांना विचारलं.

पाहुणे गेल्यावर मोनाली त्यांच्याजवळ येऊन बसली. "पप्पा, मी त्याचं वाईट चिंतत नाही. पण तो सुटला तर दुसरं लग्न करेल. त्या मुलीला मी काय सांगू? मी माफ केलं होतं, म्हणून तू सोस?"

"आणि मला? मला माफ करशील?"

"आधी कोर्टात सांगा, पप्पा. मी घरी आले होते ते."

साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलाने नेमका क्षमेचाच विषय काढला. "तुम्ही क्षमेचा उपदेश करता ना? मग जावयाला क्षमा का नाही?"

"केली आहे, साहेब. शिक्षेचं न्यायालय पाहील. मी घडलं ते सांगायला आलोय." ते न्यायाधीशांकडे वळले. "मार मुलीने खाल्ला होता. क्षमा मी दिली, तिला न विचारता. ती थरथरत होती, तरी मी तिला बसमध्ये चढवलं."

हितेंद्रला शिक्षा झाली. पितांबरांनी बोलणं सोडलं. उपासनेला येणारी माणसं रोडावली. जे आले त्यांना ईश्वरांनी सांगितलं, "घरात कुणी हात उचलला तर आधी पोलिसांत जा. मी सोबत येईन. प्रार्थना आपण वाटेत करू."

त्या दिवशी सगळे उठले तरी पुनम नावाची एक तरुण बाई मनगटावर पदर ओढून बसून राहिली. तिचा नवरा पस्तावलाय का, हे ईश्वरांनी विचारलं नाही. त्यांनी मोनालीला हाक मारली आणि पायात चपला सरकवल्या.

मोनाली पुनमचा हात धरून पुढे चालू लागली. ईश्वर मागून चालत राहिले. लेकीने आपल्याला माफ केलं का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.