मंत्र्यांचा फेटा

चिमणाबाईंनी हातातलं टोक सोडून दिलं आणि नऊ वारांचं केशरी कापड सारवलेल्या सोप्यात पसरलं. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. फेट्याच्या चुण्या घालायला दोन माणसं लागतात. एक टोक ज्ञानूआण्णांच्या हातात, दुसरं चिमणाबाईंच्या, अशीच त्या घराची रोजी चालत आली होती.

"धर की," आण्णा म्हणाले.

"आदी सांगा, इचारणार का न्हाई?"

"इचारतो म्हटलंय की."

"तसं न्हवं. माझा अंबादास चीनच्या कुठल्या तुरुंगात हाय, ह्ये इचारायचं. बाकीचं भांडान तुमचं तुमी बघा."

आण्णांनी कापड उचललं, झटकलं आणि टोक पुन्हा चिमणाबाईंपुढे केलं. त्यांनी ते धरलं.

ज्ञानूआण्णा मंगळवार पेठेतले फेटेवाले. लग्न असो, कुस्तीचं मैदान असो, कुणा पुढाऱ्याचा सत्कार असो, आण्णांचा हात डोक्यावरून फिरल्याशिवाय कोल्हापुरात माणूस मोठा होत नाही, अशी पेठेत चेष्टा चाले. पण दुखवट्याचा फेटाही त्यांनीच बांधायचा. तेराव्याला घरधन्याच्या सासरवाडीहून फेटा येई आणि तो त्याच्या डोक्यावर चढे. त्याला तुरा वर काढायचा नाही. शेमला पाठीवर सोडायचा नाही, गुंडाळून आत खोचायचा. ज्याच्या डोक्यावर तो बसला, मेलेल्याचं देणंघेणं, पापपुण्य सगळं त्याच्यावर आलं, असं पेठेत मानत. असे फेटे आण्णांनी शेकड्याने बांधले होते. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पोराच्या नावाचा तो चढला नव्हता, कारण फौजेत गेलेल्या अंबादासचं तेरावं झालंच नव्हतं. सरकारी कागदात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं, आणि चिमणाबाईंनी त्या एका शब्दावर चार वर्षं काढली होती. दर अमावास्येला त्या अंबादासच्या वहाणांना तेल लावीत.

आज येणारे मंत्री बासष्ट सालीही आले होते. युद्ध तोंडावर होतं आणि अंबादास रजेवर घरी होता. त्या दिवशीही फेटा आण्णांनीच बांधला होता आणि मंचाच्या पायरीशी बसून भाषण ऐकलं होतं. आपल्या जवानाच्या अंगात लोकर आहे, पायात बर्फातले बूट आहेत, हातात नवी बंदूक आहे. शत्रू चालून आलाच तर आठ दिवसांत त्याला डोंगरापलीकडे हाकलू, असं मंत्री म्हणाले होते. मैदान टाळ्यांनी दणाणलं होतं. दोन दिवसांनी पलटणीची तार आली. पोरगा आजारी आहे असं कळवू, अंगात कसर आहेच त्याच्या, असं चिमणाबाई म्हणत होत्या. आण्णांनी ऐकलं नाही. एवढा मोठा माणूस भर मैदानात खोटं कशाला बोलेल, असं म्हणून त्यांनी स्वतः पोराची ट्रंक उचलून स्टेशनात नेली.

मागच्या दिवाळीत अंबादासच्या तुकडीतला रुद्राप्पा इचलकरंजीहून भेटायला आला. थंडीने पायाची बोटं गेलेली, आता मागावर काम करायचा. चहाला हात न लावता त्याने सांगितलं, "आण्णा, आमच्या पायात कापडी बूट हुतं. अंगात सुती सदरा. सप्टेंबरात मंत्री स्वतः चौकीवर आलतं. माझा सदरा असा चिमटीत धरून बघितला. लई हळहळलं." सप्टेंबरात बघितलं आणि ऑक्टोबरात कोल्हापुरात येऊन लोकर सांगितली. त्या दिवसापासून आण्णांना घास गोड लागला नाही. मंत्र्यांचा राग होताच. त्याहून जास्त राग ट्रंक उचलणाऱ्या आपल्या हातांचा होता.

आता सदुसष्टची निवडणूक आली होती, आणि पेठेतले व्यापारी शंकरप्पा, जे सभेचं सगळं बघत होते, त्यांनी सवयीने आण्णांनाच सांगावा धाडला होता.

दुपारी चारला मैदान भरलं. बायका डाव्या हाताला बसल्या होत्या, आणि त्यांच्यात तिसऱ्या रांगेत चिमणाबाई. मंत्री खुर्चीवर बसले. आण्णांनी मागे उभं राहून कापडाचं टोक त्यांच्या कानामागे दाबलं. फोटोवाला समोर गुडघ्यावर बसला. मंत्र्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं आणि ते तसंच ठेवलं.

"मागच्या वेळीही तुम्हीच बांधला होता ना?" ते म्हणाले. "चेहरा विसरत नाही मी."

"व्हय." आण्णांनी पहिला पेच फिरवला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं. "सायेब, त्येच्या आदल्या म्हयन्यात तुमी वरच्या चौकीवर गेलतासा. पोरांच्या पायातलं बूट बघितलंसा."

हसू हललं नाही. "हो. कापडी होते. फार वाईट वाटलं मला."

"मग हितं यून लोकर का सांगितलीसा?"

"लोकांचा धीर खचून चालत नाही, आण्णा. लढाईच्या दिवसांत खरं सगळं सांगता येत नाही." मंत्र्यांनी मान जराशी तिरकी केली. "तुमचं कुणी होतं का?"

"पोरगा. बेपत्ता हाय. तुरुंगात असंल काय कुठं?"

मंत्र्यांनी क्षणभर डोळे मिटले. "कैदी सगळे त्रेसष्टलाच परत आले. बेपत्ता म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. कागदावर तसं लिहावं लागतं." मग म्हणाले, "जरा आवरा. पुढे निपाणीला सभा आहे."

आण्णांचे हात थांबले. समोर हजारो माणसं होती आणि ध्वनिक्षेपक चार हातांवर होता. पण बोलणारा माणूस आण्णा कधीच नव्हते. बोलणं त्यांनी नेहमी दुसऱ्यांवर सोडलं होतं, आणि त्याचीच किंमत पोराने मोजली होती. हात मात्र पुन्हा चालू लागले. पेचावर पेच नीट बसत गेला. शेवटी तुऱ्यासाठी राखलेलं टोक त्यांनी वर उभं केलं नाही, दाबून सपाट केलं. पाठीवरचा शेमला उचलला, गुंडाळला आणि आत खोचला. मग दोन पावलं मागे सरून, दुखवट्याच्या घरी करीत तसा, मंत्र्यांना न बोलता नमस्कार केला.

मंत्री उठले, दोन्ही हात उंचावून लोकांकडे वळले. टाळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या रांगांतून विझत मागे गेल्या. म्हाताऱ्यांनी आधी ओळखलं. कुणी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकांनी एकेक करून पदर कपाळावर ओढला.

"आण्णा, ह्ये काय केलंसा?" शंकरप्पा कुजबुजले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुरा वर काढा की. सोडा त्यो शेमला."

"ज्येचा त्येला बांधलाय," आण्णा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

शंकरप्पा पुढे झाले, पण भरल्या सभेत मंत्र्यांच्या डोक्याला हात कोण लावणार? मंत्री अर्धा तास बोलले. एकदाही टाळी पडली नाही. कोल्हापूरची माणसं फार शिस्तीची, असं ते जाताना म्हणाले, आणि तोच फेटा डोक्यावर ठेवून निपाणीच्या रस्त्याला लागले.

आण्णांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिसऱ्या रांगेतली जागा रिकामी होती. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण भर मैदानात काय सांगून बसलो, आणि कुणाला. पेठेपर्यंतची वाट त्यांना सरता सरेना.

चिमणाबाई सोप्यात बसल्या होत्या. शेजारी अंबादासच्या वहाणा आणि तेलाची वाटी होती. तेल लावलेलं नव्हतं.

"तुरा वर काढला न्हाईसा," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

"बोलला व्हय त्यो?"

"बोलला. कानात."

चिमणाबाईंनी वाटीतलं तेल पुन्हा बुधलीत ओतलं, वहाणा जुन्या धडप्यात बांधल्या आणि फळीवर ठेवल्या. त्या परत येऊन बसल्या. आण्णा जवळ गेले, पण हात लावायचा धीर त्यांना झाला नाही.

"मुरगूडला माझ्या भावाला सांगावा धाडा," चिमणाबाई म्हणाल्या. "फेटा त्येनं आणायचा आस्तोय. तुमच्या डोस्क्यावरचा ऱ्हायलाय."

आण्णांनी मान डोलावली. पेठेत दुखवट्याचा फेटा बांधणारा दुसरा कुणी नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बांधणार कोण?" ते म्हणाले.

चिमणाबाईंनी पदराने तोंड पुसलं. कोपऱ्यातलं सरावाचं जुनं कापड ओढून घेतलं आणि एक टोक आण्णांच्या हातात दिलं.

"मी बांधीन. शेमला कुठं खोचायचा, त्येवढं दावा."