छबुआत्याची बोली

हरिओमचा फोन आला तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या शाळेत नववीच्या मराठीच्या वह्या तपासत होते. हरिओम मूळचा उमापूरचा. अंबाजोगाईच्या कॉलेजात आम्ही एका नाटकात होतो. पुढं मी शिक्षिका झाले आणि तो मुंबईला जाऊन मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक झाला.

"प्रिया, ऊसतोड कामगारांच्या कुटुंबावर मालिका करतोय आम्ही," तो म्हणाला. "चित्रीकरण तुमच्याच भागात आहे. भाषा अस्सल हवी. तू भाषा सल्लागार म्हणून येशील?"

आवाज त्याचाच होता, पण बोलणं इतकं धुऊन काढल्यासारखं झालं होतं की मी दोनदा विचारलं, उमापूरचाच हरिओम ना?

मी लगेच हो म्हणाले. कॉलेजात असताना पुण्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या कागदावरचा शेरा सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता: आशय उत्तम, उच्चार ग्रामीण. त्या दोन शब्दांपायी मी वर्षभर आरशासमोर उभं राहून 'ण' आणि 'ळ' घोटले होते. म्हणून वाटलं, आपल्या आयांचं बोलणं एकदा तरी टीव्हीवर जसंच्या तसं ऐकू येईल.

आठवड्याभरात हरिओम आणि दिग्दर्शक दोघं आले. मी त्यांना आमच्या गल्लीतल्या सरस्वतीमावशीकडं नेलं. मावशी आणि तिचे मालक आश्रुबाकाका बावीस वर्षं कर्नाटकातल्या कारखान्यांच्या उसावर जात होते. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि मग गुढीपाडव्यापर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपीत, वाळल्या पाचटाच्या खोपटात राहायचं. आता दोघांच्याही कमरा गेल्या म्हणून जात नाहीत.

दिग्दर्शकानं फोन मधे ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मावशी आधी त्या फोनकडंच बघत बसली. मग मी म्हणाले, "मावशी, फडातल्या बाळंतपणाचं सांग."

तिनं पदर सारखा केला.

"कळा आल्या तवा गाडी भरायची राहिलती. मुकादम म्हणला, भरून घे आन मंग जा. मी मोळ्या वाहिल्या, गाडी भरली. खाली बसले आन लेकरू आलं, तिथंच पाचटात. नाळ कोयत्यानं तोडली. पोरगी व्हती. मपल्यावानीच घाईची, ऊस सरायच्या आदी आली." ती जराशी हसली. "तीन दिस ऱ्हायली. थंडी लई व्हती. आमी तिला बांधावर पुरलं आन पुना फडात गेलो. मी कावून रडले न्हाई, ते मला आजून उमगलं न्हाई."

दिग्दर्शकाचे डोळे भरून आले होते. त्यानं वाकून मावशीच्या पायाला हात लावला. मावशी संकोचून म्हणाली, "लिवा तुमी. पर मपलं नाव नगा टाकू."

"आजी, हे आम्ही जपून दाखवू," तो म्हणाला. माझाही त्याच्यावर विश्वास बसला.

चित्रीकरण गावाबाहेरच्या एका मळ्यात सुरू झालं. पहिल्याच दिवशी मला पटकथेचे कागद मिळाले. ऊसतोड्याच्या घरात चार माणसं होती. बाप, मुलगी, छबुआत्या आणि तिचा आडदांड मुलगा. मुलगी मालिकेची नायिका. तिचे सगळे संवाद पुस्तकी मराठीत होते.

मी दिग्दर्शकाला विचारलं, "ही मुलगी ह्याच घरात वाढली ना? मग हिची भाषा अशी कशी?"

"मॅडम, ती नायिका आहे," तो म्हणाला. जणू मी काहीतरी बालिश विचारलं होतं. "प्रेक्षकांना तिच्या प्रेमात पडायचंय."

"आणि बाप?"

"बाप गंभीर आहे. त्याला एखादा 'हाय', 'न्हाई' पुरेसा. बोली छबुआत्याला द्या. सगळी बोली तिलाच द्या. ती आपली कॉमेडी आहे."

मी तरीही काम केलं. छबुआत्याचं काम करणारी नटी मुंबईची होती, मेहनती होती. मी तिला 'काय करायलीस' शिकवलं, 'गेलते' शिकवलं, आमच्याकडं बायका कुठं थांबतात, कुठं आवाज खाली सोडतात ते दाखवलं. तिला जमतही होतं. पण कॅमेरा लागला की दिग्दर्शक म्हणायचा, "अजून गावरान करा. तोंड वापरा, तोंड." मग ती ओठ वाकडे करायची, डोळे गरागरा फिरवायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' लावायची.

"बायका असं 'बे' म्हणत नाहीत," मी सांगितलं. "ते पुरुषांचं आहे, तेही आपसातलं."

"कोणाला कळणार आहे, मॅडम?"

"बीडमध्ये सगळ्यांना कळेल."

"मालिका फक्त बीडमध्ये नाही दिसत," तो म्हणाला. हरिओम शेजारीच उभा होता. तो वहीत काहीतरी लिहीत राहिला.

दहाव्या दिवशी मला सांगितलं की आता भाषेचं सगळं बसलंय, यायची गरज नाही. बाळंतपणाचा प्रसंग तोवर झाला नव्हता. तो कसा घेताय, असं मी विचारलं. हरिओम म्हणाला, "चांगला घेतोय."

तो भाग लागला तेव्हा मी मावशीच्याच घरी होते. तिनं मला मुद्दाम बोलावलं होतं, चहा टाकला होता. आश्रुबाकाका खाटेवर बसले होते.

पडद्यावर लग्नाची पंगत होती. छबुआत्या हातात लाडू घेऊन बायकांच्या घोळक्यात उभी राहिली आणि सांगू लागली. "मुकादम म्हनला, भर गाडी. म्या म्हनलं, थांब की बे, हितं माझीच गाडी सुटायलीय!" पडद्यावरच्या बायका खो खो हसल्या. मग तिनं गुडघे फाकून, बसून दाखवलं. "आन लेकरू बी माझ्यावानीच लई घाईचं, ऊस सरायच्या आदीच टपकलं बे!" मागं टुंग असा आवाज वाजला, आणि तिचा तो आडदांड मुलगा तोंडात दोन जिलब्या कोंबून कॅमेऱ्याकडं बघून हसला.

पोरगी नव्हती. थंडी नव्हती. बांध नव्हता.

मी चहाचा कप खाली ठेवला. मावशीकडं बघायची हिंमत होईना.

ती टीव्हीकडंच बघत होती. मग म्हणाली, "ह्या बाईच्या तोंडाला काय झालंय गं? वाकडं कावून करायलीय?"

मी आवाज कमी करायला रिमोट शोधू लागले.

"मी अशी बोलते का?"

"न्हाई मावशी."

"मंग शब्द तर मपलेच हायेत की."

आश्रुबाकाका उठले. रिमोट न शोधता त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. जेवायलाही आत आले नाहीत, असं मावशीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

घरी येऊन मी हरिओमला फोन लावला.

"तिचं मेलेलं लेकरू होतं ते," मी म्हणाले. "तुझ्यासमोर सांगितलं तिनं."

"मूळ प्रसंग तसाच लिहिला होता, प्रिया. वरून सांगितलं, एवढं दुःख संध्याकाळच्या वेळी चालत नाही. हलकं करा."

"दुःख काढायचं होतं तर तिचे शब्द का ठेवले?"

"शब्द भारी होते म्हणून." हे स्वतःच्याच कानांवर पडताच तो घाईनं म्हणाला, "नाव तर कुठं घेतलंय आम्ही तिचं?"

"तुला लाज वाटत नाही?"

मग एकदम त्याचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उमापूरचा बोलला. "तुला काय मालूम गं? मी पयल्या दिवशी मुंबईत तोंड उघडलं तर समदे हसले. चहावाला बी हसला. सा महिने मी बोललोच न्हाई कुणाशी. मंग शिकलो. तुला वाटायलंय मला बरं वाटतं व्हय ते बगून?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं कसं लागतं ते," मी म्हणाले. "आणि तू तिला त्याच हसणाऱ्यांपुढं बसवलंस."

त्यानं फोन ठेवला. मला त्याची कीव आली असती, पण त्या दिवशी माझ्यात तेवढी जागा नव्हती.

महिन्याभरानं परळीत सुंदरराव नावाच्या पुढाऱ्यानं मालिकेच्या कलाकारांचा सत्कार ठेवला. फलकावर लिहिलं होतं, 'आपल्या मातीच्या भाषेचा सन्मान'. भाषा सल्लागार म्हणून माझंही नाव पत्रिकेत होतं. मी गेले ते शाल घ्यायला नाही. माझं म्हणणं एकदा माईकवर सांगायचं, एवढं ठरवून गेले.

माझ्या आधी नटी बोलायला उभी राहिली. तिनं तोंड वाकडं केलं, डोळे फिरवले आणि तोच संवाद म्हटला. मंडप शिट्ट्यांनी भरून गेला. पहिल्या रांगेत पुढारी हसत होते, ते मी सोडून देते. पण मागं बायका बसल्या होत्या. हातांवर कोयत्याचे घट्टे असलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या बायका. त्याही तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला त्या नटीपेक्षा, दिग्दर्शकापेक्षा, त्या मंडपाची शिसारी आली. आणि लगेच त्या शिसारीची लाज वाटली, कारण पुण्यात त्या शेऱ्यानंतर मीही हसलेच होते, इतरांच्या बरोबर.

माझं नाव पुकारलं. मी शाल घेतली नाही. माईकवर म्हणाले, "ही आपली भाषा नाही. आपल्याकडं कुणीच असं बोलत नाही. ज्या गोष्टीवर तुम्ही हसलात, त्यात एका बाईचं लेकरू थंडीनं गेलं होतं. ते ह्या लोकांनी काढून टाकलं. ह्या कामावरून माझं नाव काढा."

मंडप शांत झाला. सुंदररावांनी शेजारच्याकडं बघितलं. मला वाटलं, कळलं.

तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "मॅडम, तुमी बी म्हणा की तो डायलॉग."

मंडप पुन्हा हसला. मी खाली उतरले आणि बसस्टँडकडं चालत गेले. परळीच्या वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेच्या धुळीनं रस्ता पांढरा पडला होता, तोंडात सारखी कचकच येत होती.

नाव मात्र त्यांनी लगेच काढलं. पुढच्याच भागापासून. प्रसंग तसाच राहिला, फोनाफोनांवर फिरत राहिला. माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत तो करून दाखवू लागल्या. त्यांच्या घरी कुणी 'बे' म्हणणारी बाई नव्हती, तरी त्या म्हणत होत्या. एकीला मी थांबवलं आणि विचारलं, तुझी आजी अशी बोलते का? ती गोंधळली. "न्हाई बाई. पर गावठी असंच असतं ना?"

मी तिला रागावले नाही. रागावण्यासारखं तिनं काय केलं होतं?

दिवाळीच्या आधी सर्वेक्षण करणाऱ्या एक नर्सताई गावात आल्या. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची बाळंतपणं, आजार, शस्त्रक्रिया, सगळं फॉर्मवर भरून घेत होत्या. मावशीनं मला सोबतीला बोलावलं. मला वाटलं, इथं तरी ती मोकळी बोलेल.

नर्सताईंनी विचारलं, "कामावर असताना बाळंतपण झालं का?"

मावशी ताठ बसली. एकेक शब्द तोलत, शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, "हो. शेतामध्ये झाले."

"बाळ?"

"नाही. वारले."

"कशानं?"

तिनं शब्द शोधला. ओठ हलले. 'थंडी' म्हणायचं होतं तिला, मला दिसत होतं. पण ते सांगायला लागलं की पुढचं सगळं तिच्या नेहमीच्या बोलण्यात आलं असतं, आणि समोर अनोळखी बाई होती.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

नर्सताईंनी त्या रकान्यात रेघ मारली. "मावशी, किती स्वच्छ बोलता तुम्ही," त्या कौतुकानं म्हणाल्या. "बाकीच्यांचं समजून घेताना डोकं दुखतं." मग त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या घरी गेल्या.