डबा धुऊन आणणारा माणूस

नवरा-बायकोत गुपित नसावं, यावर सगळ्या धर्मांचं आणि सगळ्या समुपदेशकांचं एकमत आहे. हे एकमत करताना मेव्हणी या नात्याचा कोणी विचार केलेला दिसत नाही.

माझी नोकरी गेली हे फक्त बायकोला ठाऊक होतं. बाहेर बोभाटा नको म्हणून मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून, डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसायचो. तिथली वर्तमानपत्रं मी त्यांच्या संपादकांपेक्षा बारकाईने वाचली.

पुढे बायकोला वाटलं, आपणही हातभार लावावा. तिची धाकटी बहीण घरोघरी बायका जमवून स्वयंपाकाची भांडी विकते. ती म्हणाली, "ताई, एकदा तुझ्याकडेच कार्यक्रम ठेवू. जमेलसं वाटलं तर ये माझ्या हाताखाली." 'हाताखाली' हा शब्द धाकटीने किती वर्षं जपून ठेवला होता, देव जाणे.

कार्यक्रमाच्या दुपारी नेमकी वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी. जगाच्या हिशेबाने मी ऑफिसात होतो, त्यामुळे मला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालायचं ठरलं.

"खोकला आला तर?" मी विचारलं.

"उशी आहे," बायको म्हणाली.

बाहेर शेगडी मांडली गेली. बिनतेलाचं अंडं तव्यावरून घसरलं, बायका 'अगंबाई' म्हणाल्या. झाकण उलटं केलं की त्याचं ताट होतं, हेही सिद्ध झालं. पण पर्स उघडल्याचा आवाज काही येईना. मग मेव्हणीने सूर खाली आणला.

"माझ्या माहितीतलं एक घर आहे. कर्त्या माणसाची नोकरी गेली. बिचारा सांगत नाही कोणाला. डबा घेऊन निघतो, दिवसभर वाचनालयात बसतो. आणि घरी यायच्या आधी तिथल्या नळावर डबा धुऊन आणतो. का, तर ऑफिसात असताना धुवायचा म्हणून. बायको काही बोलत नाही. नुसती डब्याला हात लावून बघते. ओला असतो."

बाहेर कोणीतरी नाक ओढलं. आत मी उशी जवळ घेतली.

डबा धुण्याचं मी बायकोला एकदाच सांगितलं होतं, तेही तिने खोदून विचारलं म्हणून. नोकरी गेली त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंकडच्या कार्यक्रमात सांगितलंत, तेव्हा तो बागेत बसायचा ना हो?"

"ऊन वाढलं," मेव्हणी शांतपणे म्हणाली. "आता वाचनालयात बसतो. पण सांगायचं काय, आज ते घर या भांड्यांवर उभं आहे. बायकोने विकायला घेतली."

त्या बायकोने घ्यायची की नाही हे अजून ठरवलंही नव्हतं. ती पाहुण्यांना सरबत देत होती.

मग मात्र पर्सा उघडल्या.

सगळ्या गेल्यावर कडी निघाली. मेव्हणी सामान भरत होती; मला आतून आलेलं बघून ती दचकलीही नाही.

"भावोजी, नाव घेतलं का मी कुठे?"

"नाव सोडून सगळं घेतलंस."

"त्याशिवाय तवा खपत नाही हो. नुसत्या अंड्यावर आजवर एक विकला नाही." कार्यक्रमाला घर दिल्याबद्दल एक तवा भेट म्हणून ओट्यावर ठेवत ती बहिणीकडे वळली. "ताई, ठरव लवकर. तू तर माझ्यापेक्षा छान सांगशील. तू प्रत्यक्ष बघतेस."

ती गेली. बायको एका घडी घातलेल्या टेबलक्लॉथची पुन्हा घडी घालत होती.

"तू सांगितलंस हिला."

"मन मोकळं केलं. तुम्ही माझ्याकडे करता, मी कोणाकडे करायचं?"

मी उशी परत पलंगावर ठेवून आलो.

"घेऊ का हे काम?" तिने विचारलं.

"घे. पण ती गोष्ट सांगायची नाही."

तिने घडी बाजूला ठेवली. "मग दुसरी कुठली आहे आपल्याकडे?"

इतकी वर्तमानपत्रं वाचूनही मला एक सुचली नाही.

तिने काम घेतलं. छान चाललंय म्हणतात. परवा शिक्षिकाबाईंनी मला जिन्यात थांबवलं. जगाच्या हिशेबाने मी ऑफिसला निघालो होतो, हातात डबा होता.

"तुमच्या मिसेस काय सांगतात हो, अंगावर काटा येतो. तो माणूस शेवटी गेला ना बिचारा?"

"गेला," मी म्हणालो.

भेट मिळालेला तवा आम्ही घरात वापरतो. त्याला तेल लागतं.