दहाचा वारा

या तळ्यावरच्या वाऱ्याइतकं वक्तशीर गावात दुसरं कोणी नव्हतं, पोस्टमास्तरसुद्धा नाही. सकाळी डोंगरावरून उतरायचा, बोटींना पलीकडच्या काठाकडे ढकलायचा. दुपारी डोंगर तापला की उलटा फिरायचा. म्हणून बोट हरवली की इथे एक रीत होती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून, वल्ह्यांशिवाय दुसरी बोट सोडायची. ती जिथे लागेल तिथे शोधायचं.

आज त्या बोटीत ताई बसली होती. बोटी दुरुस्त करणारे काका "रिकामीच सोडू" म्हणत होते, पण ती ऐकते कुणाचं! तिचा धाकटा भाऊ काल पलीकडे औषधं पोचवायला गेला, तो परतलाच नव्हता. दहाला पांढऱ्या खडकापाशी त्याच्या इंजिनाचा आवाज थांबला, तो शिलाई मशीनवर बसलेल्या ताईने स्वतः ऐकला होता. आळशी कुठला, बसला असेल गळ टाकून, असं म्हणून तिने पुढची शिवण घातली. त्या शिवणीसाठी कालपासून ती स्वतःला शिव्या घालत होती.

पलीकडचा काठ लोकांनी पिंजून काढला होता. उरलं होतं दोन मैल लव्हाळ्याचं रान. बोट त्यात कुठे शिरते एवढंच कळायला हवं होतं. काका इंजिनाच्या बोटीतून लांबून मागे येत होते.

लव्हाळं पन्नास हातांवर आलं आणि वारा पडला. तळं आरशासारखं झालं. ताई ओणवी होऊन दोन्ही हातांनी पाणी मागे ओढू लागली.

"ताई, हात काढ! असं नाही चालायचं," काका ओरडले.

"त्यानेही मारले असतील की हात!"

तेवढ्यात वारा फिरला. लव्हाळं लांब गेलं. ताई रडली, वाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, पण पाचच्या सुमारास बोट मुकाट गावच्या धक्क्याला येऊन लागली.

धाकट्याची बोट पाण्यावर असती, तर काल संध्याकाळी ती इथेच आली असती. हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ताई बोटीतून उठेना.

"काका, तो जाडा आहे, मी हलकी. म्हणून चुकलं," ती म्हणाली. "उद्या दोन धोंडे टाकू. उद्या सोडाल ना?"

काकांनी आयुष्यात अशा सात बोटी सोडल्या होत्या.

"सोडू," ते म्हणाले, आणि धोंडे शोधायला गेले.