चौऱ्याण्णवावी हार

नेब्रास्कातली ती लहानशी बेसबॉल लीग बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी गावच्या कॅफेत ऑर्व्हिल टेशच्या हारी अजून तोंडपाठ होत्या. चौऱ्याण्णव. या खेळात संघाचा विजय किंवा हार चेंडू टाकणाऱ्या एका पिचरच्या नावावर लिहितात; त्याच्या बरोबरीच्या पिचरांत दुसरा नंबर एकाहत्तरचा. म्हातारे कॉफी ढवळत म्हणायचे, “ऑर्व्हिल, कप नीट धर, नाहीतर त्याच्याकडूनही हरशील.” ऑर्व्हिल हसून घ्यायचा. चौऱ्याण्णवदा हरायला तितक्यांदा कुणीतरी विश्वासाने चेंडू हातात द्यावा लागतो, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? त्र्याण्णव सामने त्याने जिंकलेही होते, पण ते कुणी मोजत नसे.

मोजले जात ते वाचनालयाच्या भिंतीसाठी. विजयांहून हारी जास्त असल्या, तर पिचरच्या नावाची पितळी पाटी तिथे लागत नसे. ऑर्व्हिल एका हारीने बाहेर राहिला होता. त्याच्याच संघातला जोडीदार पिचर लाइल हॅनम, एकसष्ट विजय आणि एकसष्ट हारी, वीस वर्षं भिंतीवर होता. ऑर्व्हिलला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. कुणापाशी बोलला नव्हता, पण ती पाटी त्याला फार हवी होती.

सप्टेंबरात एका सकाळी वाचनालय सांभाळणारी मॉरीन डुफेक त्याच्याकडे आली. सगळ्या पिचरांचे आकडे ताडून बघताना तिला १९७१च्या एका सामन्याचा कागद सापडला होता. शेवटच्या डावात दोन-दोन अशी बरोबरी असताना ऑर्व्हिलने आपल्या जागी आलेल्या लाइलच्या हातात चेंडू दिला, तेव्हा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, चिटपाखरूही नव्हतं. लाइलने पुढच्या फलंदाजाला चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला, आणि त्याच माणसाने जिंकणारी धाव काढली. या खेळात ज्या पिचरने माणूस बेसवर येऊ दिला, त्याचाच तो माणूस. त्याच्या धावेचं पाप त्याच्याच माथी. तरी कागदावर खाली हार लिहिली होती टेशच्या नावावर.

“तो माणूस माझा होता,” ऑर्व्हिल म्हणाला. “लिहिणारा चुकला असेल.”

हे खोटं होतं. आणखी एक हार झाली की लाइलला घरी पाठवणार, असं तेव्हा ठरलं होतं, आणि त्याच्या बायकोला, बर्नीसला, सातवा महिना होता. ऑर्व्हिलने स्कोअर लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, माझ्या नावावर टाक. त्या बाबाने खालचं नाव बदललं आणि वरच्या, कुणी कुणाला चेंडू टाकले त्या नोंदींच्या चौकटी तशाच ठेवल्या.

मॉरीनने वाद घातला नाही. तिने पिशवीतून दुरुस्तीचा अर्ज काढला. त्यावर दोघांच्या सह्या लागत, आणि एक झालेली होती, कापऱ्या हाताची. लाइल हॅनम.

ऑर्व्हिल अर्ज घेऊन तडक वृद्धाश्रमात गेला. लाइल खिडकीशी बसला होता.

“डोकं फिरलंय का तुझं? पाटी जाईल तुझी.”

“जाऊ दे.”

“बर्नीस असती तर झोडपलं असतं तुला.”

“तिनेच सांगितलं होतं, जाताना. मीच भेकड निघालो. कॅफेत सगळे तुझ्या हारींवर हसायचे ना, तेव्हा मीही हसायचो, ऑर्व्हिल. तुझ्या शेजारी बसून. त्यांतली एक माझी आहे हे ठाऊक असून.”

लाइलवर आपण उपकार केले, असं त्याला पन्नास वर्षं वाटत आलं होतं. ते उपकार लाइलला किती जड झाले होते, ते आज कळलं. त्याने पेन मागून घेतलं आणि सही केली.

पाटी बदलायच्या दिवशी लाइल चाकाच्या खुर्चीतून आला. मॉरीनने त्याची पाटी उतरवली आणि चार स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवले. ऑर्व्हिलची नवी पाटी त्याच भोकांत बसणार होती. लाइलने मूठ पुढे केली आणि ते चारही स्क्रू ऑर्व्हिलच्या हातात दिले, ऑर्व्हिलने १९७१च्या त्या सामन्यात चेंडू दिला होता तसे.