पाच वर्षांच्या आतलं बाळ

कुम्वेंडासाहेबांच्या घरोघरच्या आरोग्य पाहणीत पोरं भराभर मोठी होत. आई सांगे साडेचार वर्षांचं, टॅब्लेटवर नोंद पडे साडेपाच. कारण अगदी साधं होतं. मूल पाच वर्षांच्या आतलं निघालं की पुढे चाळीस प्रश्न उघडत: तपासणीला किती वेळा गेलात, बाळंतपण कुणी केलं, नाळ कशाने कापली, दूध कधी पाजलंत. मूल पाच वर्षांपलीकडचं असलं की टॅब्लेट मुकाट्याने पुढे सरके आणि तुकडीला पुढचं घर गाठता येई. ही चोरवाट सगळ्यांना ठाऊक होती. तुकडीतल्या एनेलेसला तर चांगलीच ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीत ह्याच साहेबांच्या हाताखाली, ह्याच डोंगरपट्ट्यात तीही त्या वाटेने गेली होती.

त्या दिवशी ती टॅब्लेट घेऊन झिओनेच्या ओट्यावर चटईवर बसली होती. झिओने तिशीच्या आतबाहेरची, दोन मुलांची आई. दाराशी तिची आई नागामा शेंगा सोलत होती.

"मुलं किती झाली, ताई?"

"दोन," झिओनेच्या आधी म्हातारीच बोलली.

"मावशी, मी तिला विचारतेय. तुम्ही जरा पलीकडे बसा ना."

"माझ्याच दारातून मला उठवते! आईनं हेच शिकवलं का गं तुला?" म्हातारी शेंगांची टोपली घेऊन चार हात सरकली. कान मात्र तिने ओट्यावरच ठेवले.

एनेलेसने ठरलेला प्रश्न विचारला. "जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला आणि मग गेलं, असं एखादं बाळ?"

झिओनेने कमरेला गुंडाळलेलं चितेंजे उगीचच सोडून पुन्हा बांधलं. "एक मुलगी होती. तीन दिवस होती."

"झिओने!" म्हातारी ओरडली. "ते बाळ अजून रीतीनं घराबाहेर काढलंच नव्हतं. तसलं बाळ मोजत नाहीत. आम्ही बायकांनीच नेऊन पुरलं, पुरुषाच्या नजरेला पडू दिलं नाही, कुणी मोठ्याने रडलंसुद्धा नाही. झालं गेलं ते ह्या परक्या बाईपुढे कशाला उकरतेस?"

"तुम्ही नका मोजू. मी मोजते," झिओने म्हणाली.

टॅब्लेटने नाव मागितलं. नाव ठेवण्याआधी गेलेल्यांसाठी नियम होता, नुसतं 'बाळ' लिहायचं. एनेलेसने तसं लिहिलं. जन्म कधीचा? मका काढायच्या दिवसांतला, साडेचार वर्षांपूर्वीचा. चाळीस प्रश्न उघडले.

"बाळंतपण दवाखान्यात झालं का?"

"दवाखान्याला कुलूप होतं. आधी तिथं नर्सबाई होत्या, हाताला फार गुण. मग आरोग्यखात्याचे मोठे साहेब सभेला आले. म्हणाले, घरोघर पाहणी झाली, आता तुमच्या भागात तान्ही बाळं दगावत नाहीत, बाईंची गरज दुसरीकडे जास्त आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या, ताई. मीपण वाजवल्या."

कुठली पाहणी ते एनेलेसला विचारावं लागलं नाही. तिचीच ती. गेलेली बाळं तिने स्वतःच्या बोटाने पाच वर्षांपलीकडे ढकलली होती, ऊन फार आहे म्हणून, पाय दुखतात म्हणून, संध्याकाळच्या आत मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवायचा असतो म्हणून. प्रत्येक तुकडीने थोडी थोडी ढकलली. मग शहरात कुणीतरी पाच वर्षांच्या आत उरलेल्यांचीच बेरीज केली, आलेख खाली वळला, लोक खूश झाले आणि इथल्या दवाखान्याला कुलूप लागलं. कुणीही कुणाचा जीव घेतला नव्हता म्हणे! एनेलेसला स्वतःची शिसारी आली.

आंब्याखाली उभ्या तुकडीच्या गाडीचा भोंगा दोनदा वाजला. मग कुम्वेंडासाहेब स्वतःच ओट्यापाशी आले आणि तिच्या खांद्यावरून टॅब्लेटमध्ये डोकावले.

"अजून इथंच? दोन घरं राहिलीत. हे काय, साडेचार? एक वर्ष मागे घे आणि ऊठ."

"आई साडेचार सांगतेय, साहेब."

"अगं, मेलेलं पोर ते. त्याला साडेचार काय आणि साडेपाच काय!"

ते त्यांनी झिओनेसमोर म्हटलं, हळू आवाजातसुद्धा नाही. झिओने चटईकडे बघत राहिली. एनेलेस उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांवर ओरडली.

"त्याला नसेल फरक पडत. ह्यांना पडला! मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात मागे घे, आणि मी घेतलं. त्यावरून इथली नर्स उचलली. हे पोर आपल्या आळसानं गेलंय, साहेब, तुमच्या आणि माझ्या. आता ते लपवायलाही तीच युक्ती?"

"फार शहाणी झालीस. उद्यापासून दुसरी बाई बघतो मी."

"बघा. उद्याचं उद्या. आज टॅब्लेट माझ्या हातात आहे, आणि ही तारीख मी बदलणार नाही. मागच्या वेळी काय केलं तेही वर लिहून कळवणार आहे, माझ्या नावानिशी."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "तुझ्यासाठी गाडी थांबणार नाही," म्हणाले आणि पाय आपटत गेले. गाडी खरंच निघून गेली. एनेलेस पुन्हा चटईवर बसली.

"माडालो," म्हातारी म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं. म्हातारीचं शेंगा सोलणं थांबलं होतं.

"तिचं नाव. खड्ड्यात ठेवताना मी तिच्या कानात सांगितलं होतं. नाव द्यायचं नसतं तसल्या बाळाला, माहीत आहे मला. पण माझ्यानं राहवलं नाही."

झिओने आईकडे बघतच राहिली. साडेचार वर्षं एका चुलीपाशी जेवून हे तिला कळलं नव्हतं.

एनेलेसने 'बाळ' पुसलं आणि 'माडालो' लिहिलं.

म्हातारी टोपली घेऊन उठली आणि येऊन लेकीला खेटून बसली. "आता विचार," ती एनेलेसला म्हणाली. "चाळीसच्या चाळीस विचार. नाळ मी कापली होती."